पिच्चर पाहायला आता जायचं कशाला?

सिनेमा दाखवण्याच्या धंद्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात भुसावळचे एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर उत्तरं देतात. या वेळी बहुतेक पत्रांचा रोख एकच होता : घरबसल्या सगळं दिसायला लागल्यावर टॉकीज राहणार का?

प्रश्न : दिवाळीला 55 इंची टीव्ही घेतला. वायफाय आहे, दोन ओटीटी आहेत. चौघांनी जळगावला जाऊन पिच्चर पाहायचा तर पेट्रोल, तिकिटं, खाणं धरून हजार-दीड हजाराला चाट. बायको म्हणते, थोडं थांबा, घरीच येईल. वडील मात्र "टॉकीजलेच चाल" म्हणून अडून बसतात. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : वहिनींचा हिशोब पक्का आहे, त्यात मी खोट काढणार नाही. दोन माणसं स्वयंपाकघरात उभी राहून तासभर भांडताहेत, असा पिच्चर असेल तर मीसुद्धा घरीच बघतो. भुसावळहून जळगाव रेल्वेनं अर्ध्या तासावर, तरी त्यासाठी जात नाही.

पण वडील काय मागताहेत तेही समजून घ्या. टॉकीजचा पडदा कधी जवळून पाहिलाय? त्याला सगळीकडे बारीक भोकं असतात, पिनेनं पाडावीत एवढी. लांबून दिसत नाहीत, हात फिरवला की लागतात. पडद्यामागे माणसापेक्षा उंच स्पीकर उभे असतात आणि बोलणं त्या भोकांतून येतं, म्हणून ते थेट नटाच्या तोंडातून आल्यासारखं वाटतं. तुमच्या नव्या टीव्हीचे स्पीकर चपटे, खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले. आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडे येतो. शिवाय पिच्चरचा आवाज मुळात बांधलेला असतो मोठ्या हॉलच्या बेतानं. मग घरी काय होतं? कुजबुज ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा, आणि हाणामारी सुरू झाली की शेजारी उठायच्या आत रिमोट शोधायचा. वय झालेल्या माणसाला याचा त्रास जास्त होतो, पण तो बोलून दाखवत नाही. नुसतं "मजा नही" म्हणतो. एक साउंडबार घेऊन द्या, निम्मी कुरकूर थांबेल.

नेटचंही सांगतो. एचडी चित्राला तासाला तीन जीबीच्या आसपास डेटा लागतो. तुमच्याकडे वायफाय आहे म्हणून भागतं. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवाल्याला अडीच तासांचा पिच्चर एचडीत पुरा होणारच नाही. तो धूसर चित्रावर समाधान मानतो आणि त्यालाच पिच्चर पाहिला म्हणतो. धडगाव-मोलगीच्या डोंगरातले वाचक तर हे वाचून हसतील. तिकडे कित्येक पाड्यांवर मोबाइलच्या रेंजचीच मारामार.

मी तुमच्या जागी असतो तर वर्षातले चार-पाच मोठे पिच्चर वडिलांच्या पसंतीनं टॉकीजला आणि बाकी सगळे वहिनींच्या पसंतीनं घरी, असा तह केला असता. त्यातला एक मे महिन्यात ठेवा. पारा 45 च्या पुढे, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर फक्त पंखा. अशा दुपारी तीन तास गार हॉलमध्ये बसायला मिळतं, त्याचेही पैसे हिशोबात धरा.

प्रश्न : थिएटरातला पिच्चर ओटीटीवर नेमका कधी येतो? कधी महिन्यात दिसतो, कधी दोन-दोन महिने पत्ता नसतो.
— एक वाचक भगिनी, धुळे

उत्तर : ताई, हिंदी पिच्चरला मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांची अट आहे आठ आठवड्यांची. ती मान्य नसेल तर ते पडदा देत नाहीत. तमिळ-तेलुगू पिच्चर बऱ्याचदा चार आठवड्यांत येतात. यातून एक गंमत होते. चार आठवड्यांचा करार झालेल्या दाक्षिणात्य पिच्चरची हिंदी आवृत्ती मोठ्या साखळ्या लावत नाहीत, मग ती गावातल्या साध्या एकपडदा टॉकीजला मिळते. तुम्हाला महिन्यात दिसला तो बहुधा त्यातला असणार.

थांबायची सवय लागली ती लॉकडाउनात. मार्च 2020 मध्ये कुलपं लागली आणि जूनमध्ये अमिताभ बच्चन यांचा 'गुलाबो सिताबो' सरळ ओटीटीवर आला. आपल्या राज्यात टॉकीज नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडल्या, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद झाल्या, आणि परत उघडायला 22 ऑक्टोबर उजाडला. एवढ्या काळात माणूस घरी पिच्चर बघायला शिकणार नाही तर काय करणार?

प्रश्न : आमची सगळी नोकरी भुसावळात रेल्वेत गेली. लोको शेडची पाळी सुटली की सरळ शेवटच्या खेळाला, असे आम्ही. आता जुन्या टॉकीजांच्या जागी मंगल कार्यालयं आणि दुकानं. ओटीटीनंच ना हे केलं?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : नाही नाना. ओटीटीवर हा आळ घेणं मला पटत नाही. नेटफ्लिक्स भारतात आलं जानेवारी 2016 मध्ये आणि जिओचा स्वस्त डेटा त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. गावातल्या किती टॉकीजांना त्याच्या आधीच कुलूप लागलं होतं, ते तुम्हीच आठवून बघा.

आपलं गाव म्हणजे या धंद्याचा नाका होता, हे नव्या पोरांना सांगूनही खरं वाटत नाही. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन म्हणजे डिस्ट्रिब्युटर आणि टॉकीजवाल्यांची संघटना. तिचं मुख्यालय मुंबईत नाही, नागपुरात नाही, भुसावळात. कारण जंक्शन. पत्र्याच्या पेट्यांत रिळं यायची, इथून फुटायची. प्रिंटा थोड्या असायच्या, त्यामुळे एकच प्रिंट दोन टॉकीज मिळून चालवायच्या. तिकडे पहिलं रिळ संपलं की पोऱ्या सायकलवर टाकून इकडे आणायचा. पोऱ्या पंक्चर झाला की पब्लिक ऑपरेटरच्या आईबापाचा उद्धार करायचं.

केबिनमध्ये दोन मशिनं. एक रिळ वीसेक मिनिटांचं. चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की पट्कन झडप बदलायची. जमलं तर खाली कोणालाही कळत नसे. उजेडासाठी कार्बनच्या दोन कांड्या जळायच्या, त्या झिजतील तशा पुढे सरकवत राहायचं. दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या. हे सगळं चालवायला माणसं लागायची : ऑपरेटर, त्याचा असिस्टंट, डोअरकीपर, बुकिंग क्लार्क, पोस्टर चिकटवणारा.

मग 80 च्या दशकात व्हीसीआर आला. गल्लीत वर्गणी काढून टीव्हीसकट भाड्यानं आणायचा आणि रात्रीत तीन पिच्चर काढायचे. 1987 ला दूरदर्शनवर रामायण लागलं, रविवारी सकाळी रस्त्यावर चिटपाखरू दिसेना. 90 नंतर केबल घरोघर गेली, आणि छोट्या टॉकीजला खरा मार बसला तो इथे. आमच्यासारख्यांची पोटं नव्या पिच्चरवर कमी आणि जुन्यावर जास्त चालायची. दहा वर्षांपूर्वीचा हिट पिच्चर कमी दरात आणायचा, मॅटिनीला लावायचा, निम्मा हॉल भरायचा. तोच पिच्चर घरात फुकट दिसायला लागल्यावर मॅटिनी मेली. मग डिजिटल आलं. रिळं गेली, पेट्या गेल्या, नवा पिच्चर मुंबईच्याच शुक्रवारी आपल्याकडे लागायला लागला, हे चांगलं झालं. पण मशिनचा खर्च लाखांत, एसी हवा, खुर्च्या हव्यात. आणि बाहेर जागेचा भाव टॉकीजच्या वर्षभराच्या गल्ल्यापेक्षा मोठा. मालकाच्या पोरांनी मंगल कार्यालय काढलं, तर त्यात त्यांचं तरी काय चुकलं?

आज कोणाची खरी धास्ती विचाराल, तर ओटीटीची नाही, यूट्यूबची. पाळी सुटल्यावर टॉकीजला येणारा तो जो माणूस होता, तुम्हीच की, तो आता खाटेवर पडून मोबाइलवर खानदेशी कॉमेडी बघतो, अहिराणी गाणी बघतो. दहा मिनिटांचा तुकडा, आपली बोली, फुकट. त्याला महिन्याचं ओटीटीही नको आणि तिकीटही नको. तो परत येईल असं मला वाटत नाही.

प्रश्न : पॉपकॉर्न तिकिटापेक्षा महाग का? आणि घरून शेव-मुरमुरे नेले तर अडवायचा त्यांना हक्क आहे का?
— एक विद्यार्थी, नंदुरबार

उत्तर : हक्क आहे, बाळा. सर्वोच्च न्यायालयानं 3 जानेवारी 2023 ला तसा निकाल दिला आहे. मात्र पिण्याचं पाणी त्यांनी फुकट द्यायला हवं, आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येत नाही. पाणी विकतच घ्या म्हणाले तर भांडायचं, लाजायचं नाही.

महाग का, तर तिकिटातून आधी कर जातो. उरलेल्यातले पहिल्या आठवड्यात निम्मे डिस्ट्रिब्युटरचे. 2009 ला निर्माते-डिस्ट्रिब्युटरांनी केलेल्या संपानंतर मल्टिप्लेक्सांशी ठरलेला त्यांचा हिस्सा पहिल्या आठवड्याला 50 टक्के, मग 42.5, मग 37.5, पुढे 30. पॉपकॉर्नमध्ये मात्र कोणी वाटेकरी नाही. तरी तो भाव मला लूटच वाटतो. खिचडी-कढी पोटभर खाऊन जा.

प्रश्न : आमच्या तालुक्यात एक बंद टॉकीज भाड्यानं मिळतेय. केळीतून चार पैसे हातात आहेत. मित्र म्हणतात, सगळे मोबाइलवर बघतात, डोकं फिरलंय का? घेऊ का?
— एक तरुण शेतकरी, रावेर

उत्तर : भो, आधी एक सांग, पैसे केळीचे आहेत की कर्जाचे? कर्जाचे असतील तर पुढचं वाचू नको.

स्वतःचे असतील तर ऐक. आठवडाभर रोज चार खेळ भरतील, हे विसर. ते दिवस गेले. पण माणसं येतात, ठराविक वेळी, आणि घोळक्यानं येतात. 2023 च्या पावसाळ्यात 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा जळगावला मी स्वतः पाहिलं : भिशीच्या भिशी, मोठ्या जावेपासून धाकट्या नणंदेपर्यंत, सगळ्या नटूनथटून. त्याच वर्षीच्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं होतं, खेड्यांतून यायला त्याचाही हात लागला असणार. त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी स्मार्ट टीव्ही असेल. पण घरी बघायचं म्हणजे मधून उठून कुकर लावायचा, आल्यागेल्याला चहा टाकायचा. टॉकीजला तीन तास त्यांना कोणी हाक मारत नाही. तुझं गिऱ्हाईक ते आहे.

म्हणून खेळ शेतीच्या वेळापत्रकावर बसव. कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढेमागे हातात येतो, तेव्हा मोठा पिच्चर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी गावात असतात, तेव्हा दुपारी बायकांचा खेळ, सकाळी झोके खेळून झाल्यावर. पेरणीत आणि लग्नाच्या दाट तिथीला बंद ठेवलंस तरी चालेल, उलट लाइटबिल वाचेल. तिकीट शंभराच्या आत ठेव. सप्टेंबर 2025 पासून शंभरापर्यंतच्या तिकिटाला जीएसटी 5 टक्के आहे, त्यावर गेलं की 18. हॉलमध्ये संडास स्वच्छ हवा, विशेषतः बायकांचा. जुन्या टॉकीजांनी या एका गोष्टीत फार गिऱ्हाईक घालवलं.

कागदांचं बघ : जिल्हाधिकारी कार्यालयाचा सिनेमा परवाना, विद्युत निरीक्षकाचं प्रमाणपत्र, आगीची यंत्रणा. बंद पडलेल्या टॉकीजचा परवाना जिवंत आहे की मेलाय, हे भाडेकराराच्या आधी विचार. मालक "होऊन जाईल" म्हणाला तर उठून ये. इंग्रजी पिच्चर लावायचे असतील तर हॉलिवूडवाल्यांच्या दर्जाचं डीसीआय मशिन लागतं, ते महाग. रावेरला त्याच्यावाचून अडणार नाही. पडद्यावर ओल आलेली असेल तर तो बदल, धुण्याच्या भानगडीत पडू नको. आणि प्रोजेक्टर जुना घेतलास तर दिवा किती तास जळलाय ते त्याच्या मेनूत आधी बघ. विकणारा ते आपण होऊन सांगत नाही.