‘ब्राउन कार्बन’ला काजळी म्हणावे का?

मुंबईच्या हवेवरील लेखाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘ब्राउन कार्बन’साठी ‘काजळी’ हा रुळलेला शब्द चालेल का. त्यांचे वाक्य असे आहे : ‘हवेतील जैविक कणांची काजळी सूर्यप्रकाश शोषते.’

माझ्या मते चालणार नाही. काजळी हा शब्द ‘ब्लॅक कार्बन’ला चपखल बसतो, आणि लेखाचा विषय तर या दोहोंतील फरकाचाच आहे. काजळी ज्योतीत तयार होते; तिचे कण मुख्यत्वे मूलद्रव्यरूप कार्बनचे असून ते दृश्य प्रकाशातील सर्व रंग शोषून घेतात, म्हणून ती काळी दिसते. ब्राउन कार्बन हे मात्र सेंद्रिय संयुगांचे मिश्रण असून त्याचा मोठा वाटा ओले लाकूड, पालापाचोळा वा कचरा ज्योतीविना जळत राहतो तेव्हा निघणाऱ्या धुरातून येतो. मराठीत यासाठी ‘धुमसणे’ हे नेमके क्रियापद आहे, आणि जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला लागलेली आग ज्यांनी पाहिली त्यांना त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. ब्राउन कार्बनमधील नायट्रोफेनॉलसारख्या ज्या रेणूंमध्ये एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात, त्यांतील इलेक्ट्रॉन अतिनील आणि निळ्या प्रकाशाची ऊर्जा शोषतात. तांबड्या प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा त्यांना अपुरी पडते, त्यामुळे तो प्रकाश बव्हंशी तसाच पुढे जातो. निळा वजा झाल्यावर उरतो तो पिवळट, तपकिरी रंग. तोही कायमचा नसतो, कारण ऊन आणि हवेतील ऑक्सिडीकारक द्रव्ये यांमुळे यांतील बरीच संयुगे हळूहळू फिकी पडतात.

तेव्हा सरळ ‘तपकिरी कार्बन’ लिहावे. नाकात ओढायच्या तपकिरीवरून आलेले हे विशेषण येथे अगदी योग्य छटा दाखवते.

‘जैविक’ही बदलावे, कारण ‘जैविक कण’ म्हटले की परागकण किंवा बुरशीचे बीजाणू समोर येतात. रसायनशास्त्रात रूढ शब्द ‘सेंद्रिय’ हाच आहे. (दादरच्या भाजीबाजाराने त्याला निरुपद्रवीपणाचा वास दिला आहे खरा, पण त्याला इलाज नाही.) शिवाय हवेतील बहुतेक सेंद्रिय कण प्रकाश मुख्यतः विखुरतात, शोषतात ते काहीच; तो ‘काही’ वाक्यात हवाच. मी असे लिहीन : ‘हवेतील काही सेंद्रिय कण, ज्यांना तपकिरी कार्बन म्हणतात, सूर्यप्रकाशातील मुख्यतः अतिनील आणि निळा भाग शोषून घेतात.’