इंग्लंडमध्ये मुख्य कंत्राटदाराने बिल अडवलंय. कोर्टात न जाता पैसे सुटतील का?

हो, अ‍ॅडज्युडिकेशनने, म्हणजे कोर्टाबाहेर तटस्थ निवाडा करणाऱ्याकडून (अ‍ॅडज्युडिकेटर) झटपट निकाल घेऊन, सुटू शकतात. १९९६ च्या बांधकाम कायद्याने हा हक्क दिलाय. करारात तसं कलम नसलं तरी तो मिळतो. अ‍ॅडज्युडिकेशनची नोटीस कधीही देता येते. त्यानंतर ७ दिवसांत प्रकरण अ‍ॅडज्युडिकेटरकडे जातं आणि पुढच्या २८ दिवसांत निकाल येतो. तुमची संमती असेल तर आणखी १४ दिवस वाढवता येतात.

पण आधी कागद काढा, खरा खेळ तिथेच आहे. तुम्ही रीतसर पेमेंट अ‍ॅप्लिकेशन (पैशांची लेखी मागणी) दिलं होतं का? दिलं असेल आणि समोरच्याला कमी पैसे द्यायचे असतील, तर त्याने मुदतीत लेखी 'पेमेंट नोटीस' किंवा 'पे लेस नोटीस' (कमी पैसे देणार असल्याची नोटीस) द्यायला हवी. किती देणार आणि तो आकडा कसा काढला, दोन्ही लिहून. "प्लास्टर नीट नाही, नंतर बघू" असं फोनवर सांगून भागत नाही. यातली एकही नोटीस नसेल तर मागितलेली रक्कम आधी द्यायची, कामाच्या किमतीवरचा वाद नंतर. छोट्या सब-कॉन्ट्रॅक्टरसाठी ही फार मोठी ताकद आहे, ती सोडू नका.

निकाल बंधनकारक असतो. पैसे दिले नाहीत तर टेक्नॉलॉजी अँड कन्स्ट्रक्शन कोर्टातून तो लवकर बजावून घेता येतो.

मात्र वकिलाचा खर्च जिंकूनही सहसा आपलाच, त्यामुळे लहान रकमेला आधी हिशेब मांडा. आणि घरमालकाने स्वतःच्या राहत्या घराचं काम थेट तुम्हाला दिलं असेल, तर हा कायदेशीर हक्क लागू होत नाही. तिथे करारात कलम असावं लागतं.