हिवाळी लीगसाठी .२२ चं पिस्तूल: घ्या, पण पैसे गोळ्यांवर घाला

तुमचा प्रश्न असा आहे: क्लबाची हिवाळी इनडोअर लीग सुरू होतेय, तुमच्याकडे नाइन एमएमचं पिस्तूल आहे, पण दर आठवड्याच्या गोळ्यांचा खर्च जड जातोय. तर फक्त या लीगसाठी वेगळं .२२ चं (लहान, स्वस्त गोळीचं) पिस्तूल घेणं शहाणपणाचं आहे का, आणि घ्यायचं तर कोणतं? मी मिशिगनमध्ये गेले १४ हिवाळे ही लीग खेळतोय. घ्या, नक्की घ्या. फक्त पिस्तुलावर हात आखडता ठेवा आणि वाचलेले पैसे गोळ्यांवर घाला.

आधी एक कायद्याची गोष्ट, कारण वाचणाऱ्यांत एच-वन किंवा एल-वनवर असलेले बरेच जण असतील. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. 'बाळगणं' यात रेंजवर मित्राचं पिस्तूल हातात घेणंही येतं. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचं चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. त्यावर राज्याचे नियम वेगळे; आमच्याकडे पिस्तूल घेण्याआधी स्थानिक पोलिसांकडून खरेदीचा परवाना काढावा लागतो. पायरी चुकली तर इमिग्रेशनची सगळी फाइल धोक्यात येते, म्हणून शंका असेल तर क्लबातल्या मंडळींना न विचारता वकिलाला विचारा.

आता हिशेब. तो मी दर ऑक्टोबरात वहीत मांडतो. लीग १६ आठवड्यांची. सामन्याच्या ३० गोळ्या आणि सरावाच्या ५०, म्हणजे आठवड्याला ८० आणि हिवाळ्याला १,२८०. .२२ ची बऱ्यापैकी गोळी मला ९-१० सेंटला पडते, नाइन एमएमची साधी गोळी २५ सेंटच्या आसपास आणि .४५ ची ५० च्या. एका हिवाळ्याचे झाले अंदाजे १२५, ३२० आणि ६४० डॉलर. जुनं .२२ पिस्तूल ३००-४०० डॉलरला मिळालं तर दोन हिवाळ्यांत त्याची किंमत सुटते, आणि पुढची वीस वर्षं ते तुमच्याकडे राहतं.

ही गोळी स्वस्त का, हेही समजून घ्या, कारण तिचे गुण आणि दोष दोन्ही तिथूनच येतात. नाइन एमएमच्या काडतुसाच्या बुडाला मध्यभागी वेगळा प्रायमर बसवलेला असतो. .२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस १८८७ सालापासून जवळजवळ तसंच चालत आलंय. त्यात ठिणगीचा मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेतच भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते. वेगळा प्रायमर नाही, पितळ पातळ, पुढे शिशाची ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅमची गोळी. म्हणून स्वस्त. पण कडेत मसाला सगळीकडे सारखा पसरला नसेल तर पिन नेमकी कोरड्या जागी आपटते आणि काडतूस उडत नाही. आपल्या भाषेत फुसका बार.

या फुसक्या बारानेच मला नेमबाजी शिकवली. पहिल्या हिवाळ्यात मी दुकानातला सगळ्यात स्वस्त, ५०० गोळ्यांचा सुटा डबा आणला होता. टाइम्ड फायर (ठरलेल्या सेकंदांत पाच गोळ्यांची फेरी) चालू, तिसऱ्या गोळीला चाप ओढला आणि नुसतंच 'टिक'. आवाज नाही, झटका नाही. पण माझं पिस्तूल मात्र चांगलं दोन बोटं खाली गेलं होतं, नळी कागदाच्या खालच्या कडेकडे वळलेली. म्हणजे गोळी सुटायच्या आधीच मी हाताने खाली दाबत होतो. नाइन एमएममध्ये हे झटक्यात लपून जात होतं आणि मी वर्षभर साइटला (नेम धरायच्या खुणेला) दोष देत होतो. शेजारच्या लेनवर एक सत्तरीचे निवृत्त टूलमेकर असत. त्यांनी ते पाहिलं. सामना संपल्यावर रेंज ऑफिसरला विचारून त्यांनी माझ्या रिकाम्या पिस्तुलाच्या पाठीवर एक नाणं ठेवलं आणि म्हणाले, ते पडायचं थांबेपर्यंत चाप ओढत राहा. चौदा-पंधरा वेळा पडलं. त्या रात्रीपासून घरी रोज दहा मिनिटं मी तेच करत आलोय.

स्वस्त गोळीचा खरा उपयोग इथे आहे. झटका नसतो, म्हणून चूक उघडी पडते, आणि गोळी महाग नसते, म्हणून तीच चूक शंभर वेळा तपासता येते.

लीगचं स्वरूप तुमच्या क्लबातही बहुधा बुल्सआयचंच असेल. ५० फुटांवर, एका हाताने, उभं राहून ३० गोळ्या. पहिल्या दहा सावकाश (स्लो फायर), दहा मिनिटांत. मग टाइम्ड फायरच्या दहा, पाच-पाच करून, दर पाचाला २० सेकंद. शेवटी रॅपिडच्या दहा, त्याही पाच-पाच, दर पाचाला १० सेकंद. एकूण ३०० गुण. स्लो फायरच्या कागदावरचा दहाचा गोल अमेरिकन क्वार्टर नाण्यापेक्षा किंचित लहान असतो. ५० फूट म्हणजे १५ मीटर, आणि हात एकच. पहिल्या रात्री २०० च्या पुढे गेलात तर समाधानाने घरी जा.

आणखी एक व्यावहारिक कारण: जुन्या क्लबांच्या तळघरातल्या रेंजवर गोळी अडवणारी पोलादी पाटी आणि हवा खेचणारी यंत्रणा .२२ चाच मारा धरून केलेली असते. तिथे नाइन एमएम चालतच नाही. नियमावली आधी वाचा.

पिस्तूल कोणतं? मी नवशिक्यांना आधी जुनं रूगर मार्क टू शोधायला सांगतो, साडेपाच इंची जाड नळीचं. १९४९ साली रूगर कंपनी सुरू झाली तीच .२२ च्या पिस्तुलावर, आणि मार्क मालिका त्याच घराण्यातली. ती सहजी झिजत नाहीत. मार्क टू आणि मार्क थ्री खोलून परत जोडणं मात्र त्रासाचं, पहिल्यांदा जोडताना एक अख्खा रविवार जातो. २०१६ ला आलेलं मार्क फोर एका बटणावर उघडतं. ते घेणार असाल तर एवढं पाहा की २०१७ मध्ये सुरुवातीच्या नगांचं सेफ्टीच्या दोषासाठी रिकॉल झालं होतं. जुना नग असेल तर सीरियल नंबर तपासून घ्या. ब्राउनिंग बक मार्कचा ट्रिगर मूळचाच छान असतो. स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरीही चांगलं. त्याच कंपनीचं मॉडेल ४१ सुंदर पिस्तूल आहे, पण ते हजारावर जातं आणि गोळ्यांच्या बाबतीत चोखंदळ असतं. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

दुकानात पिस्तूल हातात घेतलंत की (चेंबर, म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा, रिकामा आहे हे स्वतः पाहून, आणि मालकाला विचारून) दोनच गोष्टी बघा. हात लांब केल्यावर मनगट न वाकवता साइट जागेवर येते का, आणि चाप ओढताना मध्येच अडखळतो का. बुल्सआयच्या नियमात .२२ चा ट्रिगर किमान दोन पौंडांचा, म्हणजे ९०० ग्रॅमचा लागतो. तीन पौंडांचा पण गुळगुळीत चाप पहिल्या हिवाळ्याला पुरतो.

रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) लावावा का, हे तुम्ही पुढे विचारालच. चाळिशी ओलांडली असेल तर लावा, पुढची साइट धूसर दिसते त्यावर हा सोपा इलाज आहे. फक्त डॉट लागला की हाताची थरथर दिसायला लागते आणि माणूस घाबरून ठिपका बरोबर मध्ये आला की चाप हिसकतो. ठिपका हलणारच. तो कागदावरच्या काळ्या गोलाच्या आत हलत असताना चाप एकसारखा मागे येत राहिला पाहिजे, गोळी कधी सुटेल ते तिला ठरवू द्या.

गोळ्यांत 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेलं घेऊ नका, स्टँडर्ड व्हेलॉसिटी घ्या. वेग सेकंदाला साधारण १,०७० फूट, नेम जास्त एकसारखा. सीसीआय, अग्विला, एले, एसके अशा तीन-चार जातींचे ५०-५० चे डबे आणा आणि टेबलावर हात टेकवून दहा-दहा गोळ्या मारून पाहा. माझ्या पिस्तुलाला महागडी गोळी आवडली नाही, मधल्या किमतीचीच बसली. जी बसेल तिच्या ५०० गोळ्यांच्या दोन-तीन ब्रिक (मोठे डबे) एकदमच घेऊन ठेवा. २०१३ मध्ये आणि परत २०२० मध्ये .२२ ची फळी इथे महिनोन्महिने रिकामी होती. मला २०१३ ला माणशी एक डबा मिळवायला दुकान उघडायच्या आधी बर्फात उभं राहावं लागलं, आणि लीगचे शेवटचे चार सामने उसन्या गोळ्यांवर खेळलो.

नाइन एमएमच्या गोळ्या घरी भरून खर्च कमी करता येतो, हे खरं. .२२ ची पुंगळी परत भरता येत नाही. पण ज्याच्या घरी लहान मुलं आहेत आणि हातात संध्याकाळचे दोन तास आहेत त्याने ते सरावाला द्यावेत, असं माझं मत.

सामन्यात फुसका बार निघाला तर पिस्तूल समोरच ठेवा, बोट चापावरून बाहेर, रिकामा हात वर. उशिराने पेट घेणारं काडतूस असू शकतं, म्हणून ३० सेकंद नळी कागदाकडेच. टाइम्ड आणि रॅपिडमध्ये याला 'अ‍ॅलिबी' म्हणतात, पाच गोळ्या परत मारायला मिळतात आणि कागदावरच्या सगळ्यांत कमी गुणांच्या दहाच मोजल्या जातात. म्हणजे सवलत आहे, फायदा नाही.

घरच्या कोरड्या सरावात एक काळजी. बऱ्याच रिमफायरमध्ये चेंबर रिकामा असताना पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खळगा पडतो. रूगर मार्कमध्ये पिन अडवायला आडवी खीळ असते, ती जागेवर असेल तर चालतं. बाकीच्यांसाठी ड्रायवॉलमध्ये स्क्रू बसवायचे पिवळे प्लॅस्टिकचे अँकर चेंबरमध्ये घालतात, हार्डवेअरच्या दुकानात मूठभर मिळतात. सरावाच्या खोलीत खरी गोळी एकही नको.

आता शिसं. यावर मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय, कारण हिवाळ्यात दारं बंद असतात. प्रायमरच्या मसाल्यात शिसं, गोळी शिशाची. माझ्या पहिल्या क्लबात गरम हवा बाहेर जाऊ नये म्हणून थंडीत पंखा मंद ठेवत. दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस रक्त तपासलं तर शिसं वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी तीन महिने रेंज बंद केली. मी क्लब बदलला. लेनवर उभे राहून पाहा: धूर तुमच्यापासून कागदाकडे ओढला गेला पाहिजे. तोंडाकडे येत असेल तर ती जागा सोडा. रेंजवर चहा नाही, चिवडा नाही. बाहेर पडल्यावर गार पाणी आणि साबणाने हात-तोंड धुवा. रेंजचं जॅकेट आणि बूट वेगळे, ते घरात मुलांच्या खोलीपर्यंत जाता कामा नयेत. घरात कोणी गरोदर असेल तर कपडेही वेगळे धुवा.

कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही. चष्मा हवाच. शर्टाचा गळा बंद ठेवा. गरम पुंगळी गळ्यात गेली की माणूस भरलेलं पिस्तूल हातात असताना वळतो, आणि रेंजवर त्याहून वाईट काही नाही.

गाडीत रात्रभर गारठलेलं पिस्तूल उबदार खोलीत आणून लगेच पेटी उघडू नका, पोलादावर दव धरतं. पाऊण तास बंद ठेवा. तेल पातळ आणि थेंबभर.

रेंजची बॅग फक्त रेंजची असू द्या. हे आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितोय. .२२ ची गोळी शेंगदाण्याएवढी, अस्तराच्या शिवणीत जाऊन बसते. तीच बॅग घेऊन मुंबईला गेलात आणि विमानतळाच्या स्कॅनरमध्ये एक गोळी दिसली तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, चुकून राहिली हे नंतर कोर्टात सांगत बसावं लागतं.

.२२ ला 'लहान मुलांची गोळी' म्हणणारे क्लबात भेटतील. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं ते याच काडतुसाने, आणि स्वप्निल कुसाळेचं पॅरिसचं कांस्यही, रायफलमधलं असलं तरी, याच .२२ चं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर त्या दोघांची नावं लिहिलेली आहेत.

पहिल्या तीन आठवड्यांचे कागद फेकू नका. मागे तारीख, गोळीची जात आणि कुठली दहा गोळ्यांची फेरी ते लिहा आणि तिसऱ्या आठवड्यानंतर त्यांचे फोटो मला दाखवा. उजव्या हाताने मारत असाल आणि छिद्रं डावीकडे खाली जमत असतील, तर साइटच्या स्क्रूला हात लावण्याआधी मला विचारा.