गाडीतून न उतरवता इंजिनाचे काम करता येते का?

रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) आणि बेअरिंग (फिरत्या दांड्याभोवतीचे झिजणारे कवच) बदलण्यासाठी इंजिन उतरवावेच लागते, असे आपल्या मिस्त्रीने सांगितल्याचे आपण लिहिले आहे. ते मला मान्य नाही, कारण २००९ साली इंदूरला, रामबागेतल्या आमच्या अंगणात मी हे काम इंजिन जागेवर ठेवूनच केले आहे.

गाडी मारुती ८००, तीन सिलिंडरांची, ७९६ सीसी. ती निळा धूर टाकत होती आणि ऑइल खात होती. तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत भरणारा दाब, ७ किलो प्रति चौरस सेंमीवर उतरले होते. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडताच ते १० वर गेले (ऑइल रिंगभोवतीची फट तात्पुरती बुजवते, व्हॉल्व्हची नाही), म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नव्हता, रिंगचा होता. आयुष्य गॅरेजात घालवलेले माझे मेहुणे म्हणाले, “गाडीत केलेले काम टिकत नाही.”

मी हेड (इंजिनाचे वरचे झाकण) आणि चेंबर (खालची ऑइलची टाकी) काढले, बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या, वरच्या तोंडाशी झिजेमुळे उरलेली कड घालवली (ती राहिली तर नवी रिंग तिच्यावर आदळून तुटते), क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला) ओरखडा पडू नये म्हणून पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवले आणि पिस्टन वरून बाहेर घेतले. होनिंगआधी (बोअर आतून दगडाने घासण्याआधी) क्रँकपिनांना, म्हणजे क्रँकवर रॉड बसतात त्या भागांना, आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या, ऑइलमध्ये भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या, कारण खाली पडणारी बारीक कच नव्या बेअरिंगचा निकाल लावते. मग बोअर पुसत बसलो. पांढरा कपडा पांढराच बाहेर येईपर्यंत दिवस मावळला. गाडीत केलेली कामे फसतात ती या पुसण्यात घाई केल्यामुळे, इंजिन गाडीत राहिल्यामुळे नव्हे. त्यानंतर ती गाडी चार माणसे घेऊन इंदूरजवळचा भेरूघाट कितीदा चढली, तरी मेहुणे त्याला नशीबच म्हणत राहिले.

अर्थात, इंजिनाच्या खालून ठोक्याचा आवाज येत असेल, क्रँकपिन अंडाकृती झाली असेल किंवा बोअर वर-खाली ०.१ मिमीहून अधिक निमुळता झाला असेल, तर इंजिन उतरवून ब्लॉक (इंजिनाचे मुख्य धड) आणि क्रँक खरादवाल्याकडे (लेथवाल्याकडे) न्यावेच लागतात. गिअरबॉक्सकडचे ऑइल सील गळत असल्यास निदान गिअरबॉक्स तरी उतरवावा लागतो. पण हे हेड उघडून, मोजून ठरवायचे असते. म्हणून आपल्या मिस्त्रीला आधी बोअर गेज (बोअरची झीज मोजायचा गेज) आहे का ते विचारा; आमच्या मेहुण्यांकडे तो कधीच नव्हता.