वाचकांचे प्रश्न : निवेदक केंद्र बदलतो तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी डब्लिनला असते. तिच्याकडे तीन महिने राहिले तेव्हा स्वयंपाकघरातला रेडिओ सकाळपासून चालू असायचा. शेजारच्या आजी मला पुन्हा पुन्हा सांगायच्या, की पॅट केनी दुसऱ्या केंद्रावर गेला तेव्हापासून त्यांची सकाळ पहिल्यासारखी राहिली नाही. एक निवेदक गेल्याचे इतके का वाटावे? आणि त्याच्यामागोमाग श्रोतेही गेले का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : त्या आजींना काय वाटले असेल हे समजण्यासाठी आयर्लंडमधल्या सकाळच्या रेडिओचे स्थान आधी लक्षात घ्यायला हवे. डब्लिनमध्ये १ जानेवारी १९२६ रोजी सुरू झालेल्या प्रसारणातून पुढे आरटीई ही सरकारी संस्था उभी राहिली, आणि खासगी केंद्रांना वाट मोकळी करणारा १९८८ चा कायदा येईपर्यंत देशात अधिकृत रेडिओ म्हणजे तीच होती. ज्या समाजात चर्चचा दबदबा मोठा होता आणि घरातल्या कितीतरी गोष्टी घराबाहेर बोलायच्या नसत, तिथे सकाळचा निवेदक हा लोकांना मन मोकळे करण्याची जागा होऊन बसला. गे बर्न यांनी १९७३ पासून १९९८ पर्यंत ही जागा सांभाळली. १९८४ च्या सुरुवातीला ग्रॅनार्ड या लहान गावात पंधरा वर्षांची एक मुलगी कोणालाही न सांगता एकटीच बाळंत झाली आणि त्यातच तिचा मृत्यू झाला. त्यानंतर देशभरातल्या स्त्रियांनी, आजवर कोणापाशीही न उच्चारलेले स्वतःचे अनुभव बर्न यांच्या कार्यक्रमाला पत्राने कळवले, आणि ती पत्रे जवळजवळ काहीही भाष्य न करता एकापाठोपाठ एक वाचली गेली. ज्या रेडिओवर हे घडले, त्याच्या सकाळच्या आवाजाला लोक घरातले माणूस मानू लागले तर त्यात नवल नाही.

पॅट केनी हे याच परंपरेतले. शिक्षणाने रासायनिक अभियंता, काही काळ अध्यापक, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आरटीईचे निवेदक. ‘द लेट लेट शो’ हा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम त्यांनी १९९९ ते २००९ असा दहा वर्षे केला, पण माझ्या मते त्यांचे खरे बळ रेडिओवर दिसते. अर्थसंकल्प, न्यायालयाचा निकाल किंवा एखादा वैज्ञानिक शोध समजावून घेताना ते पाहुण्याला इतके नेमके प्रश्न विचारतात, की ऐकणाऱ्यालाही विषय उलगडत जातो. जुलै २०१३ च्या अखेरीस, चाळीस वर्षांहून अधिक सेवेनंतर आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी ते आरटीई सोडून न्यूजटॉक या खासगी केंद्राकडे जात असल्याचे जाहीर झाले, तेव्हा देशाला धक्का बसला. आर्थिक मंदीनंतर आरटीई आपल्या मोठ्या निवेदकांच्या मानधनात कपात करत होती. न्यूजटॉक हे २००२ मध्ये डब्लिनपुरते सुरू झालेले आणि २००६ पासून देशभर ऐकू येणारे, केवळ बोलण्याचे केंद्र होते. त्याला सकाळच्या वेळेसाठी सर्वांच्या ओळखीचा आवाज हवा होता. २ सप्टेंबर २०१३ रोजी केनी न्यूजटॉकवर सकाळी दहाला बोलू लागले, म्हणजे त्यांच्या जुन्या कार्यक्रमाच्याच वेळेला. जुन्या जागी दुपारच्या बातम्यांचे अनुभवी निवेदक शॉन ओरूर्क आले.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. श्रोते गेले, पण ज्याची भीती किंवा आशा होती तेवढे गेले नाहीत. न्यूजटॉकचे त्या वेळेचे श्रोते पहिल्या वर्षातच चांगले वाढले, तरीही ओरूर्क यांना ऐकणारे लोक केनींच्या श्रोत्यांच्या जवळपास दुप्पट राहिले. याचे कारण मला असे दिसते, की रेडिओचा श्रोता आधी वेळेशी बांधलेला असतो आणि मग आवाजाशी. आरटीईच्या रेडिओ १ या केंद्रावर सकाळी सातला ‘मॉर्निंग आयर्लंड’ हा बातम्यांचा कार्यक्रम ऐकायला लावलेले यंत्र कणीक मळताना, मुलांना शाळेत पाठवताना आणि भांडी आवरताना तसेच चालू राहते, आणि दुपारी बारा वाजता अँजेलस या कॅथलिक प्रार्थनेची घंटा वाजते, जी तिथे १९५० पासून रोज प्रसारित होते. या ओळीतला दहाचा माणूस बदलला म्हणून सगळी ओळ मोडायला माणसे सहसा तयार होत नाहीत. आपल्या शेजारच्या आजी मात्र बहुधा दोन्ही केंद्रे आलटून पालटून ऐकत असाव्यात, कारण ‘पहिल्यासारखी सकाळ राहिली नाही’ ही खंत ज्याने दोन्ही ऐकले त्यालाच सुचते.

तरीही केनींचे जाणे मला आयर्लंडच्या श्रोत्यांच्या हिताचे वाटते, आणि हे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे. त्याआधी सकाळच्या गंभीर चर्चेत आरटीईला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नव्हता. १९८९ मध्ये सुरू झालेले सेंच्युरी रेडिओ हे पहिले खासगी राष्ट्रीय केंद्र मोठी नावे मिळवण्याच्या खटपटीत होते. त्याने गे बर्न यांनाही बोलावले, पण ते गेले नाहीत, आणि १९९१ मध्ये केंद्रच बंद पडले. २०१३ नंतर मात्र एखाद्या मंत्र्याला एकाच सकाळी दोन जाणत्या निवेदकांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागू लागले. पुढे या दोन खुर्च्यांचे नाते आणखी गुंतले. ओरूर्क २०२० मध्ये निवृत्त झाल्यावर केनींच्या जुन्या जागेवर क्लेअर बर्न आल्या (गे बर्न यांच्याशी त्यांचे केवळ आडनाव जुळते). २०२५ मध्ये जाहीर झाले, की त्याही आरटीई सोडून न्यूजटॉकवर केनींचीच रोजची वेळ घेणार. म्हणजे ज्यांनी केनींची पहिली खुर्ची सांभाळली, त्याच आता त्यांच्या दुसऱ्या खुर्चीच्या वारसदार.

प्रश्न : रेडिओ कोण ऐकतो हे कसे मोजतात? रेडिओ तर काही कळवत नाही.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आयर्लंडमध्ये सर्व केंद्रे मिळून एकच सर्वेक्षण करवून घेतात. वर्षभरात १६,००० हून अधिक लोकांना, काल कोणत्या वेळी कोणते केंद्र ऐकले, असे विचारले जाते. निकाल दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध होतात, पण प्रत्येक निकाल मागच्या बारा महिन्यांचा असतो. त्यामुळे सप्टेंबरमध्ये केंद्र बदललेल्या निवेदकाचा पूर्ण परिणाम आकड्यांत उतरायला वर्ष जाते, आणि पहिल्या तिमाहीचे आकडे पाहून यश किंवा अपयश ठरवणाऱ्या बातम्यांवर विश्वास ठेवू नये.

प्रश्न : आपल्याकडे आकाशवाणीचा एखादा ज्येष्ठ निवेदक असा खासगी केंद्रावर जाऊ शकेल का?
(एक वाचक, पणजी)

उत्तर : गाण्यांच्या कार्यक्रमासाठी सहज जाऊ शकेल, चालू घडामोडींच्या कार्यक्रमासाठी नाही. आपल्या देशात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. त्यांना आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवता येते, तेवढेच. म्हणून केनींसारख्या माणसाला इथे जायला जागाच उरत नाही. श्रोते मात्र आपल्याकडेही एकदा मोठ्या संख्येने गेले होते. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले आपले बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झाले, आणि लोकांनी यंत्राचा काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रित करत असलेली ‘गीतमाला’ तिथूनच ऐकू येई. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, तरी ‘गीतमाला’ तिच्यावर यायला १९८९ साल उजाडले.