प्रश्न तुमचे, उत्तरं मैदानातून: युनियन नेमकी कुणाची?

(जिल्हा स्पर्धांत खेळलेल्या आणि पुढे नागपुरातच क्रीडाशिक्षिका म्हणून काम केलेल्या आमच्या स्तंभलेखिका फुटबॉलविषयीच्या पत्रांना इथे उत्तरं देतात.)

मॅडम, आमच्या कामठीत फुटबॉल घराघरात आहे. माझा बारावीतला पोरगा बेल्जियमच्या 'युनियन सें-जिल्वाझ' क्लबची पिवळी-निळी जर्सी घालून हिंडतो. बेल्जियम म्हटलं की मला अँडरलेक्ट आणि ब्रुग एवढंच ठाऊक. हा क्लब पैशाच्या जोरावर आत्ताच वर आलेला दिसते. पोराला म्हटलं तर तो भांडतो. खरं काय ते सांगा.
— एक वाचक, कामठी

दादा, पोरगा बरोबर आहे. त्याच्या अंगावरची जर्सी अँडरलेक्टपेक्षा जुनी आहे. अँडरलेक्ट १९०८ चं, युनियन १८९७ ची. ब्रसेल्सच्या सें-जिल भागात ती सुरू झाली. १९०४ मध्ये पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं आणि १९३५ पर्यंत त्यांची संख्या अकरा झाली. अँडरलेक्टच्या खात्यात तेव्हा एकही नव्हतं!

त्यातही १९३३ ते १९३५ हा काळ मला फार प्रिय आहे. लीगमध्ये सलग साठ सामने हा संघ हरला नाही. साठ! तेव्हा एका हंगामात एका संघाचे सामने असायचे सव्वीस, म्हणजे दोन हंगामांहून जास्त काळ बेल्जियममध्ये कुणालाच त्यांना हरवता आलं नाही. कर्णधार होता ज्यूल पापार्ट. मोसमात सर्वाधिक काळ अपराजित राहणाऱ्या संघाला पुढे त्याच्याच नावाचा चषक देऊ लागले. ही मालिका शेवटी तोडली शेजारच्या मोलेनबेकमधल्या 'डेअरिंग'ने. या दोन क्लबांचं वैर असं की १९३८ मध्ये ब्रसेल्सच्या रंगभूमीवर त्यावर एक विनोदी नाटक आलं: मुलगी एका क्लबाच्या घरातली, मुलगा दुसऱ्याच्या. नाट्यवेड्या विदर्भातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग उतरती कळा लागली. १९७३ मध्ये युनियन पहिल्या श्रेणीतून खाली गेली, पुढे तिसऱ्या आणि काही काळ तर चौथ्या पातळीपर्यंत घसरली. परत यायला ४८ वर्षं लागली. तुमच्या-माझ्या पिढीला हे नाव ठाऊक नाही, ते यामुळेच. आपण फुटबॉल पाहायला लागलो तेव्हा हा क्लब पडद्यावर नव्हताच.

पोराशी भांडू नका. पापार्टबद्दल विचारा त्याला. सांगता आलं तर जर्सी त्याच्या अंगावर शोभते.

बेल्जियमच्या क्लबांची माहिती वाचताना प्रत्येकापुढे एक नंबर दिसतो. अँटवर्प १, ब्रुग ३, युनियन १०. हा क्रमवारीतला नंबर आहे का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, हिंगणा रोड

नाही बेटा, क्रमवारीशी त्याचा संबंध नाही. हा नोंदणी क्रमांक आहे. १९२६ मध्ये बेल्जियमच्या महासंघाने संलग्नतेच्या ज्येष्ठतेप्रमाणे क्लबांना क्रमांक दिले. अँडरलेक्टला ३५ मिळाला. क्लब वर जावो, खाली जावो, नाव बदलो, क्रमांक तोच राहतो. दोन क्लब एकत्र आले तर मात्र एकच क्रमांक पुढे चालतो आणि दुसरा कायमचा पुसला जातो.

ही साधी कारकुनी वाटेल, पण तिथल्या माणसांचा जीव त्या आकड्यात अडकलेला असतो. वर ज्या डेअरिंगचा उल्लेख केला, त्यांचा क्रमांक होता २. १९७३ मध्ये, म्हणजे युनियन घसरली त्याच वर्षी, डेअरिंगचं 'रेसिंग व्हाइट'शी विलीनीकरण झालं आणि २ क्रमांक गेला. दोन वर्षांत नवा क्लब राष्ट्रीय विजेताही झाला, तरी २००२ मध्ये दिवाळखोरीत बुडाला. युनियनने तेवढ्या काळात मोठं काहीच जिंकलं नाही, पण १० क्रमांक टिकवला. माझ्या मते त्या ४८ वर्षांतलं त्यांचं सगळ्यात मोठं यश हेच. तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबाला 'कुणात तरी मिसळून जा' हा सल्ला रोज मिळत असणार.

मी हे इतक्या पोटतिडकीने लिहिते, कारण माझ्या उमेदीच्या काळात नागपुरात मोहल्ल्या-मोहल्ल्याला संघ होता. मी ज्या संघाकडून खेळले, त्याचं मैदान गेलं, मग पोरं पांगली, आणि आज तो संघ होता हे सिद्ध करायला एक कागदही कुणाजवळ नाही. मोहननगरच्या किंवा कामठीच्या जुन्या क्लबांतल्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे: नोंदवह्या, संघाचे फोटो, जुन्या पावत्या जपून ठेवा. रद्दीत देऊ नका.

मालक इंग्लंडचे, ब्राइटनशी नातं, युरोपचे सामने अँडरलेक्टच्या मैदानावर. मग युनियनमध्ये युनियनचं उरलं काय?
— एक वाचक, धरमपेठ

ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त बोचला, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे.

२०१८ मध्ये इंग्लंडच्या ब्राइटन क्लबचे मालक टोनी ब्लूम यांनी युनियन विकत घेतली आणि अॅलेक्स मुझिओ अध्यक्ष झाले. दोघंही आकडेवारीच्या अभ्यासातून सट्टेबाजीच्या धंद्यात वर आलेले. तीच पद्धत त्यांनी खेळाडू शोधायला वापरली. डेनिझ उंडाव जर्मनीच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता, त्याला आणलं. त्याने गोलांचा पाऊस पाडला आणि तो ब्राइटनला गेला. जपानचा मितोमा ब्राइटनकडूनच एका मोसमासाठी आला होता. तेव्हा 'ही तर ब्राइटनची शाखा' असं कुणी म्हटलं, तर त्याला खोटं ठरवता येत नव्हतं. २०२३ मध्ये दोन्ही क्लब एकाच युरोपीय स्पर्धेत पोहोचले. एकाच माणसाच्या ताब्यातले दोन संघ तिथे चालत नाहीत, म्हणून ब्लूम यांनी आपला हिस्सा कमी केला आणि बहुमत मुझिओंकडे गेलं.

पण मालकाने पैसा आणि डोकं लावलं म्हणून इतिहास त्याचा होत नाही. २०२१ मध्ये युनियन पहिल्या श्रेणीत परतली आणि पहिल्याच मोसमात साखळीत अव्वल राहिली. बेल्जियममध्ये साखळी संपली की गुण निम्मे करून वरच्या संघांची पुन्हा साखळी खेळवायचे. त्यात ब्रुग पुढे गेलं. २०२३ मध्ये तर शेवटच्या दिवशी, शेवटच्या मिनिटांत विजेतेपद हातचं गेलं. युनियन आपल्याच मैदानावर ब्रुगविरुद्ध आघाडीवर होती. तिथे ब्रुगने गोल केले, आणि तिकडे गेंकमध्ये आल्डरवायरल्डने भरपाई वेळेत गोल करून करंडक अँटवर्पला नेला. २०२४ मध्ये राष्ट्रीय चषक आला, १९१४ नंतर पहिल्यांदा. आणि २५ मे २०२५ ला गेंटला ३-१ हरवून नव्वद वर्षांनी बारावं विजेतेपद! त्या मोसमात युनियन साखळीत तिसरी होती. गुण निम्मे झाल्याने अंतर घटलं आणि पुढच्या दहा सामन्यांत ती एकदाही हरली नाही. ज्या नियमाने २०२२ मध्ये रडवलं, त्यानेच या वेळी हात दिला.

आता मैदान. जोसेफ मारियन हे त्यांचं घर सें-जिलला लागून असलेल्या फोरे भागात, डुडेन पार्कच्या झाडीला टेकून उभं आहे. दर्शनी भिंत १९२० च्या दशकातली, कोरीव शिल्पांची, कायद्याने संरक्षित. आत जेमतेम नऊ-साडेनऊ हजार माणसं मावतात. बांधकामाला हात लावता येत नाही, आजूबाजूला वाढायला जागा नाही, आणि युरोपच्या मोठ्या सामन्यांच्या अटींत ते बसत नाही. म्हणून २०२३ च्या डिसेंबरात लिव्हरपूलला हरवलं तेही अँडरलेक्टच्या मैदानावर. क्लबाला नवं स्टेडियम हवं आहे. मला विचाराल तर मोठ्या रात्रींसाठी शेजाऱ्याचं अंगण वापरावं, पण लीगचे सामने त्या पार्काजवळच राहावेत. अकरा विजेतेपदांनंतरच्या पडत्या काळात जे काही शे लोक त्याच पायऱ्यांवर उभे राहिले, युनियन त्यांची आहे. क्लबाने ती जागा सोडली, तर तुमच्या प्रश्नाला माझ्याजवळ आजच्याइतकं ठाम उत्तर राहणार नाही.

सामने आपल्याकडे किती वाजता असतात?
— बरेच वाचक

बेल्जियमचं घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन तास. तिथे संध्याकाळी साडेसहाला सुरू होणारा सामना आपल्याकडे ऑगस्टमध्ये रात्री दहाला, तर डिसेंबरात अकराला लागेल. पोरांची दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा असेल, तर पूर्वार्धच बघू द्या.