गिऱ्हा खरंच बुडवतो ना, मग?

प्रश्न: ताई नमस्कार, मी रत्नागिरीजवळच्या एका बंदरगावातला, मंडळासाठी एकांकिका लिहितोय. आमच्याकडे बोटींवर नेपाळी खलाशी बरेच आहेत आणि वाडीत काही चोरीला गेलं की पहिलं नाव त्यांचंच घेतात. थेट लिहावं तर मंडळात अर्धे बोटमालकच, म्हणून मी खलाशांच्या जागी गिऱ्हे, म्हणजे पाण्यातली भुतं, घातले. गिऱ्ह्यांचं कुटुंब वाडीत राहायला येतं, लोक घाबरतात, दगड मारतात, शेवटी आपलंसं करतात. वाचन झालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फक्त माझी आत्तेबहीण म्हणाली, "अरे पण गिऱ्हा खरंच बुडवतो ना? मग लोक घाबरले तर त्यांचं चुकलं काय?" तेव्हापासून पुढे एक ओळ लिहून होत नाहीये. ती उगाच कीस काढतेय का?
– गिऱ्ह्याचा वकील

उत्तर: वकीलसाहेब, तुमच्या आत्तेबहिणीने केस जिंकली की हो. (तू म्हटलं तर चालेल ना, माझा भाचा तुझ्याएवढा आहे.)

बघ, गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत, रात्री खाडीकाठी ओळखीच्या आवाजात हाका मारणार आणि खोल पाण्यात नेणार, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहितीये. म्हणजे तुझ्या नाटकातली घाबरणारी माणसं शहाणी झाली आणि दार उघडणारी भोळी. तुला म्हणायचं होतं की खलाशावरचा आळ खोटा आहे, आणि नाटक म्हणतंय की आळ खरा आहे पण जाऊ दे, मोठ्या मनाने पोटात घाला. ज्याने काही केलंच नाही त्याला माफी कसली देतोस?

आणि वाईट वाटून घेऊ नकोस, या खड्ड्यात भले भले पडलेत. १९६३ पासून चाललेले ते एक्स-मेनचे कॉमिक्स घे, समाजाने नाकारलेल्यांची गोष्ट म्हणून जगभर वाचतात, पण त्यातल्या एकाच्या नुसत्या नजरेने भिंत कोसळते, मग अशांची सरकारदरबारी नोंद ठेवा म्हणणारा माणूस व्हिलन वाटण्याऐवजी मला तरी अधूनमधून पटायला लागतो. हॅरी पॉटरमधला तो लांडगा होणारा मास्तर मला फार आवडतो, लेखिकेने नंतर लिहिलंय की त्याचा आजार म्हणजे एचआयव्हीसारख्या, लोक ज्याला कलंक मानतात अशा आजारांचं रूपक आहे. हेतू चांगलाच आहे. पण तो पौर्णिमेला औषध न घेता खरंच चावू शकतो, आणि त्याच गोष्टीत दुसरा एक लांडगा मुद्दाम लहान मुलांना गाठून चावतो. आता एचआयव्ही एका ताटात जेवून होत नाही, मिठी मारून होत नाही, औषधं नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला तर शरीरसंबंधातूनही जात नाही. या आजारावरून नोकरीतून किंवा शाळेतून काढायला आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. ज्या भीतीला मुळात बूड नव्हतं तिला रूपकाने बूड मिळवून दिलं.

आणि रक्तातच धोका असतो ही कल्पना नुसती गोष्टीतली नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी जायची सवय गेली का? तुझ्या वाडीतली सवय तीच आहे, फक्त माणसं वेगळी.

म्हणून भुतंच नकोत असं मी म्हणत नाहीये हां. शिमग्यात संकासुराचं सोंग घेतलेला आला की पोरं किंचाळत पळतात आणि लगेच परत त्याच्याच मागे लागतात, कारण त्या काळ्या कपड्यात कुणाचा मुलगा आहे ते सगळ्यांना माहीत असतं. आणि ज्याला समाजाने बाहेर ठेवलंय त्याने स्वतःहून म्हटलं की हो, मी भूत, तर तो त्याचा हक्क. तू त्याच्या वतीने म्हणालास की मात्र पंचाईत.

गिऱ्हा सोडवत नसेल तर त्याच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग घे ना, जो तू चक्क विसरलास. गिऱ्ह्याच्या शेंडीचा केस ज्याच्या हाती लागला त्याचा तो गुलाम होतो, तो माणूस आपली मांडी चिरून त्यात केस लपवतो, आणि गिऱ्हा त्याने सांगितलेलं काम करत "माझा केस दे" म्हणून विनवत राहतो. आता केसाच्या जागी मालकाकडून आगाऊ घेतलेली उचल ठेव, जी फिटता फिटत नाही. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्येच बंद झाली, तरी वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर असे अडकलेले कातकरी आपल्या रायगड-ठाण्याकडे किती निघाले. या गोष्टीत भीती कुणाची वाटायला हवी, सांग बरं? मांडी चिरणाऱ्याचीच ना.

मी लिहिलं असतं तर त्याहून सोपं केलं असतं. गिऱ्हा नाहीच. जेटीवर रात्री एकटा बसून घरी फोन लावणारा खलाशी आहे, त्याची भाषा न कळलेला कुणीतरी अर्धवट झोपेतला माणूस आहे, आणि सकाळपर्यंत वाडीभर झालेली बोंब. यात लोकांची भीती खरी आणि तिचं कारण खोटं, दोन्ही एकदम दाखवता येतं.

बोटमालकांचं म्हणशील तर मांडी चिरणाऱ्याचा रोल त्यांच्यातल्याच एकाला दे, मोठा रोल मिळतोय म्हटल्यावर कुणी संहिता शेवटपर्यंत वाचत नाही, अनुभव आहे. आणि १ ऑगस्टला मासेमारी सुरू होते, खलाशी गावाहून परत आले की दोघातिघांना बसवून एकदा वाचून दाखव. आत्तेबहिणीला पण बोलाव.